दुसऱ्या ठोक्यानंतर

खोकला माझा आहे.
हे कुणाला पटवायला मी आता जात नाही.

एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी, ब्रॉन्क्स.
तळघरात मी बॉयलर सांभाळायचो
आणि पलीकडे, कोळशाच्या जुन्या खोलीत,
चार पोरांनी भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या.
गाद्या कुणाच्या, मी विचारलं नाही.
आमच्या गल्लीत तेव्हा इतकी घरं जळून रिकामी पडलेली,
गाद्यांना तोटा नव्हता.

बॉयलर तापला की पाईप बोंबलायचे,
म्हणून पोरं टोप्या काढून माझ्यापुढे उभी:
मिस्टर पिंकनी, वीस मिनिटं बंद ठेवा ना.
बाहेर शून्याखाली अकरा. वर बासष्ट बिऱ्हाडं.
मी म्हटलं, पंधरा.

टेप एकच होती.
ड्रम मशीन भाड्याची, सकाळी नऊला परत द्यायची.
वेंडेल बटणांपाशी. माईकसमोर नेरेइडा,
सतरा वर्षांची, हातात कागद नाही,
शब्द तळहातावर लिहिलेले, घामाने अर्धे पुसलेले.
मी दाराशी, घड्याळ धरून.

पहिला ठोका.
दुसरा ठोका.
मग एक मोकळी जागा, श्वासाएवढी,
आणि त्या जागेत मी खोकलो.

पुन्हा खोकू नका, वेंडेलनं डोळ्यांनीच दटावलं.
थांबलं मात्र कुणी नाही.
नेरेइडा तर त्या खोकल्यावर पाय देऊन चढली,
चालत्या बसच्या पायरीवर चढावं तशी,
आणि सुटलीच:
लिफ्ट तीन वर्षं बंद, घरमालक फ्लोरिडात,
आई पाचव्या मजल्यावर किराणा नेताना
प्रत्येक वळणावर एकेका संताचं नाव घेते,
आणि संत संपतात, जिना संपत नाही.

पंधरा मिनिटं झाली.
मी बॉयलर चालू केला नाही.
बासष्ट बिऱ्हाडं आणखी अर्धा तास कुडकुडली,
त्यांचं नाव तबकडीवर नाही.

नारिंगी लेबल, नेरेइडाचं स्पेलिंग चुकलेलं.
जूनमध्ये गाडीच्या डिकीतून विकली,
जुलैत रेडिओवर,
ऑगस्टमध्ये प्रत्येक खिडकीतून मी खोकत होतो.
हेझेलीन, माझी बायको, म्हणाली,
अख्खी वेस्टचेस्टर अव्हेन्यू विचारतेय, तुला औषध देते की नाही.

रोगाचं मूळ खासी म्हणतात.
गाण्याचंही असेल.

पुढे काय झालं ते मला नातू सांगतो.
मार्सेयच्या कुणी पोरांनी तेवढाच तुकडा कापला.
ओसाकाच्या एका मुलीनं तो इतका संथ केला
की जड दार उघडल्यासारखा वाटतो.
वेगात वाजवला तर काडी ओढल्यासारखा.
बुटांच्या जाहिरातीत आहे. साओ पाउलोच्या मैदानात
गोल झाला की चाळीस हजार माणसं मिळून खोकतात.
एका वकिलानं पैसे घेऊन सांगितलं,
खोकल्यावर कुणाचा हक्क नसतो.

पण बरेच जण नेरेइडाला काढून टाकतात.
ठोके ठेवतात, मला ठेवतात,
आई, संत, घरमालक, सगळं पुसून.
हे मला आवडत नाही.
मी काय बोललो होतो?
बोलली ती. आणि लिफ्ट परवाही बंदच होती.

तिला एकदाच तीनशे डॉलर मिळाले आणि एक चामडी कोट.
आता योंकर्सला दातांच्या डॉक्टरकडे फोन घेते.
माझ्या वाढदिवसाला फोन करते तेव्हा
हॅलो म्हणत नाही,
टेबलावर बोट दोनदा आपटते, आणि थांबते.
मी तिकडून खोकतो.
मग आम्ही गुडघ्यांविषयी बोलतो.

आज छाती दाखवायला आलोय.
डॉक्टरीण इतकी तरुण की तबकडीपेक्षा वीस वर्षांनी लहान,
गळ्यात स्टेथोस्कोप, त्याच्यावर हेडफोन.
थंडगार चकती पाठीवर ठेवते, ऐकते.
मीही ऐकतो.
पहिला. दुसरा.
मोकळी जागा.

खोका, ती म्हणते.
घाई करू नकोस, मी म्हणतो,
जरा थांब इथंच.